मापात मावलेली माया

नोरा एफ्रन यांच्या ‘जुली अँड जुलिया’ (२००९) या चित्रपटात सगळं सुरू होतं ते एका माशापासून. फ्रान्समध्ये नुकतीच आलेली जुलिया चाइल्ड ‘सोल मुनिएर’चा घास घेते. आपल्या कोकणात, खांब-रोह्याकडे मासा तांदळाच्या पिठात घोळवून तेलात तळतात; तिथे मैदा आणि सढळ लोणी. त्या घासानंतर जुलिया साकारणाऱ्या मेरिल स्ट्रीपला शब्दच सुचत नाहीत. समोर बसलेल्या पॉलला मात्र सगळं कळतं. स्टॅन्ली टुचीने उभा केलेला हा नवरा बायकोच्या आनंदात मनापासून रमतो, आणि चित्रपटाची ऊब तिथूनच येते.

पुढे ‘कॉर्दों ब्लू’ या पाकशाळेत, पुरुषांच्या वर्गात, कांदा चिरताना जुलिया मागे पडते. घरी येऊन ती कांद्यांचा डोंगर चिरत बसते. पॉल आत पाऊल टाकतो आणि झोंबऱ्या डोळ्यांनी माघारी फिरतो. प्रसंगाचं हसू येतं, पण तिची जिद्दही तिथेच दिसते. हौस तिच्याकडे होतीच; हात तिने मेहनतीने बसवला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ज्युडिथ जोन्सचा प्रसंग. एका प्रकाशकाने नाकारलेलं जुलिया आणि तिच्या सहलेखिकांचं फ्रेंच पाककृतींचं हस्तलिखित ही संपादिका घरी नेते आणि त्यातला ‘बफ बुर्गिन्यों’ हा स्ट्यू स्वतः रांधून पाहते. घास घेताच निर्णय होतो. १९६१ साली पुस्तक निघालं, तेव्हा जुलिया एकोणपन्नास वर्षांची होती. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने कित्येक नवख्या हातांना धीर देऊन गेली. ‘अंदाजाने घाला’ म्हणणं सोपं असतं. तो अंदाज मापात बसवायचा तर तोच पदार्थ पुन्हापुन्हा करून पाहावा लागतो.

ते कष्ट कोणासाठी, हे कित्येक वर्षांनंतरच्या, एमी ॲडम्सने साकारलेल्या जुलीकडे पाहून उमगतं. कचेरीतल्या कामाने थकलेली ही मुलगी ३६५ दिवसांत जुलियाच्या पुस्तकातल्या ५२४ पाककृती करायला घेते. तोच स्ट्यू ओव्हनमध्ये असताना तिला झोप लागते, तो करपतो. ती पुन्हा करते. दोघींची भेट कधीच होत नाही. खऱ्या जुलियाला हा उपक्रम रुचला नव्हता, हेही चित्रपट लपवत नाही. तरी पुस्तकातली जुलिया जुलीच्या ओट्यापाशी रोज उभी असते. कधी न भेटणाऱ्या माणसाचा पदार्थ बिघडू नये म्हणून वर्षानुवर्षं खपणं, हे मला माणुसकीचं मोठं काम वाटतं. या चित्रपटाने त्याला दिलेला मान अगदी योग्य आहे.