भिंत गावची, चित्र कुठलं?

साताऱ्याहून सांगलीकडे एसटीनं निघालं की शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या भिंती खिडकीतून मागे पडत जातात. त्यांच्यावर तीच तीच चित्रं: दोन तळव्यांत धरलेली पृथ्वी, पेन्सिलीवर बसलेली मुलगी, गळका नळ. हात सफाईचा असतो, रंगही ताजे असतात. पण कराड गेलं काय नि इस्लामपूर आलं काय, चित्रावरून गाव ओळखता येत नाही. दोष पेंटरचा नाही. भिंत चौरस फुटावर मोजून दिली जाते, नमुना मोबाइलवर येतो आणि काय काढायचं याचा विचार करायला एक दिवसही कुणी देत नाही.

तो वेळ दिला की काय होतं, ते भिलारला जाऊन पाहावं. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तकं मांडली गेली. ‘स्वत्व’ या गटाच्या चित्रकारांनी त्या जागा रंगवल्या, त्या आत कुठली पुस्तकं आहेत हे विचारून. बालसाहित्याचं घर कुठलं, इतिहासाचं कुठलं, हे उंबऱ्याबाहेरूनच कळावं असं ते काम. शिवाय इथे माणूस पायी हिंडतो, थांबतो, म्हणून बारीकसारीक तपशील निभावतात. हमरस्त्यावर दुचाकीवाल्याला तीन-चार सेकंद मिळतात. तिथे एकच ठसठशीत आकृती हवी. हा साधा हिशेबसुद्धा बहुतेक मोहिमांत धरलेला नसतो.

‘लेक वाचवा’च्या भिंती पाहून तर जीव तुटतो. याच सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकोशी’ नाव लागलेल्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभानं बदलली. शाळेच्या भिंतीवर हजेरीपटाची एकच ओळ मोठी करून काढावी: जुनं नाव खोडलेलं, शेजारी मुलीच्या वळणदार अक्षरात नवं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला हे चित्र सुचणार? आपण मात्र पेन्सिलीवरची परीच काढत राहिलो.

सांगलीत तर चित्राची भाषा लोकांच्या तोंडी तयार आहे. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, ‘आयर्विनला किती फूट?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे लहान पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं; ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहिली. पूरजागृतीसाठी त्या रेघेपासूनच सुरुवात करावी. पुलावर पंचेचाळीस झाले की या गल्लीत पाणी कुठवर, पन्नास झाले की कुठवर, हे त्या त्या भिंतीवर खऱ्या उंचीला रंगवावं. एका रेघेवर बुडालेली पायरी, तिच्या वर विजेचा मीटर, त्याहून वर पोटमाळ्यावर चढवलेलं धान्याचं पिंप. आणि ते रंगवताना गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बोलवावं. पाणी कुठवर आलं होतं, ते त्यांना बोट ठेवून दाखवता येतं.