देकार्तचा संशय आणि एलिझाबेथचा प्रश्न : ज्ञात्या ‘मी’च्या मर्यादेची समीक्षा

आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा प्रारंभ रेने देकार्तच्या संशयपद्धतीपासून मानण्याची प्रथा आहे. १६४१ साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेडिटेशन्स’ या ग्रंथात त्याने इंद्रियानुभव, बाह्य जग, स्वतःचे शरीर, इतकेच नव्हे तर गणितातील सत्येही संशयाच्या कक्षेत आणली आणि संशय घेणारा ‘मी’ मात्र संशयातीत ठरवला. या ‘मी’वरील आक्षेपांची चर्चा करताना गासेंदी, हॉब्ज, पुढे लॉक व ह्यूम ही नावे क्रमाने येतात. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिचा उल्लेख झालाच, तर तो मन व शरीर यांच्या आंतरक्रियेची अडचण दाखवून देणारी पत्रलेखिका म्हणून, एखाद्या वाक्यात होतो. हे स्थान अपुरे आहे. तिची हरकत देकार्तच्या द्रव्यविचारापाशी थांबत नाही. ज्या ज्ञात्यावर त्याने ज्ञानाची इमारत उभी केली, त्या ज्ञात्याच्या पात्रतेलाच ती हात घालते.

पहिल्या चिंतनातील प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. चिंतन करणारा चिंतामुक्त आहे, त्याला निवांतपणा लाभला आहे, तो एकटाच शेकोटीजवळ बसला आहे. हे हात, हे शरीर आपले नाही असे म्हणता येईल काय, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. तसे म्हणणारे वेडे लोक असतात आणि काळ्या पित्ताच्या बाष्पांनी त्यांचे मेंदू बिघडलेले असतात, एवढे सांगून तो ही शक्यता बाजूला सारतो व लगेच स्वप्नाकडे वळतो. स्वप्न हे संशयाचे कारण म्हणून स्वीकारले जाते; वेड मात्र दोन-तीन वाक्यांत निकालात निघते. याच परिच्छेदावरून विसाव्या शतकात मिशेल फूको (१९६१) आणि झाक देरिदा (१९६३) यांच्यात वाद झाला. देकार्तने वेडाला विचाराच्या प्रांतातून हद्दपार केले, हे फूकोचे म्हणणे देरिदाने अमान्य केले. त्या वादाचा केंद्रबिंदू मात्र हा परिच्छेदच राहिला.

एलिझाबेथने देकार्तला पहिले पत्र मे १६४३ मध्ये हेगहून लिहिले. तिचा पिता पाचवा फ्रेडरिक याने १६२० मध्ये बोहेमियाची गादी गमावली होती आणि कुटुंब निर्वासित होते. तिचा प्रश्न सरळ होता : आत्मा जर केवळ विचार करणारे, विस्तारहीन द्रव्य असेल, तर तो शरीराला गती कशी देतो? देकार्तने जडत्वाचा दृष्टांत दिला. वजन वस्तूला खाली नेते, ते काही पृष्ठभागाला ढकलून नव्हे. हा दृष्टांत दुर्बल होता, कारण वजनाविषयीची ती कल्पना देकार्तने स्वतःच्याच भौतिकीत नाकारली होती. एलिझाबेथच्या ते नजरेतून सुटले नाही.

परंतु खरे महत्त्वाचे विधान तिच्या जून १६४३ च्या पत्रात येते. उत्तम विचार करण्याची शक्ती व सवय असलेला आत्मा काही बाष्पांमुळे ती सारी गमावून बसतो. शरीरावाचून राहू शकणाऱ्या आत्म्याच्या बाबतीत हे कसे घडावे, असे ती विचारते. पहिल्या चिंतनात दाराबाहेर ठेवलेली बाष्पे येथे परत आली आहेत. फरक एवढाच, की देकार्तला ती इतरांच्या मेंदूत दिसली होती, तर एलिझाबेथ ती कोणाही विचारी माणसाच्या बाबतीत शक्य मानते. त्याच पत्रात घराण्याची कामे व टाळता न येणाऱ्या भेटीगाठी यांमुळे चिंतनाला सवड मिळत नाही, असेही ती नोंदवते. शेकोटीजवळचा एकांत हा पद्धतीचा निरुपद्रवी आरंभ नसून तिची एक अट आहे, हे यातून उघड होते.

यावर देकार्तचा समर्थक म्हणेल की वेडाही विचार करतोच. भास होणे, कल्पना करणे, इच्छा करणे हे सारे देकार्तच्या मते विचाराचेच प्रकार आहेत, म्हणून ‘मी’चे अस्तित्व अबाधित राहते. (मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. या ‘मी’साठी ‘आत्मा’ शब्द वापरला की वेदान्तातील निर्विकार साक्षी डोळ्यांसमोर येतो; देकार्तच्या मनाची कार्ये मात्र आपल्याकडे अंतःकरणात मोडतील.) आक्षेपाचे उत्तर बरोबर आहे, पण ते पुरेसे नाही. स्वप्न आणि फसवणारा दुष्ट सैतान ज्ञानाच्या विषयाला धक्का देतात. बाष्पे ज्ञात्याच्या शक्तीलाच धक्का देतात. स्पष्ट व विविक्त कल्पना ओळखणे, युक्तिवादाचे दुवे क्रमाने ध्यानात धरणे, हेच जमेनासे झाले तर ‘मी आहे’ यापुढे एक पाऊलही टाकता येत नाही. ‘मी’ उरतो, ज्ञाता उरत नाही.

देकार्तचे तत्कालीन उत्तर काहीसे टाळाटाळीचे वाटते. आत्म्याला विस्तार आहे असे मानणे तिला सोपे जात असेल तर तिने खुशाल मानावे, असे तो २८ जून १६४३ रोजी लिहितो. शिवाय केवळ बुद्धीला व्यापणाऱ्या चिंतनात आपण वर्षातून थोडेच तास घालवतो, असेही सांगतो. तत्त्वमीमांसेच्या प्रणेत्याची ही कबुली मनोरंजक आहे खरी. बाष्पांचा प्रश्न मात्र तीत अनुत्तरितच राहतो.

तो १६४५ मध्ये पुन्हा उभा राहिला. एलिझाबेथ ज्वर व खोकल्याने आजारी होती. मनाचे समाधान केवळ आपल्या विवेकावर अवलंबून असते, असा उपदेश देकार्त सेनेकाच्या आधारे करीत होता. काही रोग विचारशक्तीच हिरावून घेतात, मग विवेकजन्य समाधान कोठून मिळणार, असे तिने ऑगस्टमध्ये कळवले. १ सप्टेंबरच्या उत्तरात देकार्तने ते मान्य केले : सर्व माणसांविषयी आपण जे म्हटले, ते बुद्धीचा मुक्त वापर करू शकणाऱ्यांपुरतेच समजावे. १६३७ च्या ‘डिस्कोर्स’चा आरंभच मुळी सुबुद्धी सर्वांना सारखी वाटली गेली आहे या विधानाने झाला होता. येथे नीतीच्या संदर्भात घातलेली मर्यादा ज्ञानाच्या संदर्भात टाळणे कठीण आहे, कारण दोन्हीकडे वापरात असलेली बुद्धी एकच आहे. देकार्तने स्वतः तो विस्तार केला नाही. १६४९ च्या ‘पॅशन्स ऑफ द सोल’मध्ये त्याने शरीर व आत्मा यांच्या संबंधाचे सविस्तर विवेचन केले, पण संशयाच्या पहिल्या दिवसाकडे तो परतला नाही.

१६५० मध्ये देकार्तच्या मृत्यूनंतर एलिझाबेथने आपली पत्रे छापण्यास संमती दिली नाही. क्लेर्सलिए याने १६५७ पासून देकार्तचा पत्रव्यवहार प्रकाशित केला, तेव्हा त्यात तिला गेलेली उत्तरे होती, तिचे प्रश्न नव्हते. ते १८७९ मध्ये फूशे द कारेय याने प्रसिद्ध केले. मधल्या दोनशेहून अधिक वर्षांत देकार्तच्या वाचकांसमोर तिला दिलेली उत्तरे होती. ती ज्या प्रश्नांना दिली होती, ते प्रश्न मात्र नव्हते.