'ओपिस्थोब्रँकिया' : संज्ञेचा उगम, अर्थ आणि मराठी परिभाषेचा प्रश्न

प्रास्ताविक :
शास्त्रीय संज्ञा ही केवळ नाव नसते. तिच्यामागे निसर्गाविषयीचा एक सिद्धांत उभा असतो. तो सिद्धांत मागे पडला तर संज्ञेचे काय करावे, हा प्रश्न मराठी परिभाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. समुद्री गोगलगाईंसाठी दीर्घकाळ रूढ असलेली 'ओपिस्थोब्रँकिया' ही संज्ञा याचे उत्तम उदाहरण ठरते.

उगम आणि अर्थ :
फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एदवार यांनी 1848 मध्ये ही संज्ञा योजली. ग्रीक भाषेत 'ओपिस्थेन' म्हणजे मागे आणि 'ब्रँकिया' म्हणजे कल्ले. ज्यांचे कल्ले हृदयाच्या मागील बाजूस असतात ते प्राणी, असा तिचा अर्थ होतो. कल्ले हृदयाच्या पुढे असणारा 'प्रोसोब्रँकिया' हा तिचा प्रतियोगी गट होय. तत्पूर्वी 1817 मध्ये क्यूव्हिए यांनी उघड्या कल्ल्यांवरून 'न्यूडिब्रँकिया' हे नाव दिले होते. अर्थात एका अवयवाचे स्थान व स्वरूप हाच या वर्गीकरणाचा आधार होता.

हा आधार पुढे डळमळीत झाला. 2010 मध्ये काथारीना योर्गर व सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यांवरून केलेल्या मांडणीत या गटातील सॅकोग्लोसासारखे प्राणी फुप्फुसधारी गोगलगाईंच्या अधिक जवळचे ठरले. त्यामुळे 'ओपिस्थोब्रँकिया' हा एका पूर्वजापासून आलेला स्वतंत्र गट उरला नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दीपक आपटे व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये लक्षद्वीपच्या आणि 2010 मध्ये कच्छच्या आखातातील या प्राण्यांच्या नोंदी याच संज्ञेखाली प्रसिद्ध केल्या. संज्ञा मागे पडली तरी त्या नोंदींचे मोल कमी होत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मराठी पर्यायांची चिकित्सा :
या संज्ञेचे शब्दशः भाषांतर 'पश्चक्लोमी' असे होईल. परंतु त्यात दुहेरी अडचण आहे. 'क्लोम' हा शब्द चरकसंहितेत उदकवह स्रोतसांचे एक मूळ म्हणून येतो. तो अवयव नेमका कोणता, स्वादुपिंड, पित्ताशय की फुप्फुसाचा भाग, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बाजारात मासळी निवडणाऱ्या सामान्य गृहिणीला मात्र 'कल्ले' हा शब्द पुरेसा असतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ग्रीक नाव मराठी वाचकाला अपारदर्शक असल्याने केवळ खूण म्हणून टिकू शकते. संस्कृतोद्भव पर्याय मात्र पारदर्शक असल्याने कालबाह्य विधान प्रत्येक उच्चारागणिक पुन्हा करीत राहतो.

याउलट लोकभाषेने अनुभवाशी इमान राखले आहे. सोयाबीनवर पडणाऱ्या किडीला मराठी शेतकरी 'शंखी गोगलगाय' म्हणतो. शंख आहे की नाही, हा डोळ्यांना दिसणारा भेद त्याने एका विशेषणात सामावला. या धर्तीवर 'बिनशंखी समुद्री गोगलगाय' असे वर्णनात्मक नाव सहज घडते. काही समुद्री गोगलगाईंना लहान किंवा शरीरात दडलेला शंख असतो, ही मर्यादा लक्षात ठेवूनच ते वापरावे लागेल.

समारोप :
तात्पर्य, वंशसंबंध सांगणाऱ्या गटनामांचे भाषांतर न करता ती देवनागरीत तशीच स्वीकारावीत आणि अवयव व वर्णन यांसाठी बोलीतील रूढ शब्द वापरावेत, ही विभागणी अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. अन्यथा विद्यार्थी शब्दाचा अर्थ पाठ करील आणि प्राण्याविषयी मात्र चुकीचे शिकेल.