हिरवा दिवा आणि कणसूर मेंडोलिन

आजचा विषय ऐकून काही जणांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला तारा पिळायचा अधिकार कुणी दिला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर प्लेटोपाशी जातं, पण तिथे आपण शेवटाकडे जाऊ. आधी एका छोट्या यंत्राची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची करतात तशीच. हे यंत्र म्हणजे तुमच्या मोबाईलमधला ट्यूनर. तार छेडायची, काटा मधोमध आला की हिरवा दिवा लागतो, आणि आपण म्हणतो, लागलं वाद्य सुरात.

निवृत्तीनंतर मी एक जुनं मेंडोलिन विकत घेतलं. (हशा) हसू नका, ‘दिलवाले दुल्हनिया’ बघून नव्हे. मेंडोलिनला आठ तारा असतात, पण दोन-दोन तारांच्या चार जोड्या. जाडीकडून बारीककडे गेलं तर जी, डी, ए आणि ई. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम. व्हायोलिनसारखंच. मी फोन समोर ठेवला, आठही तारांवर हिरवा दिवा मिळवला आणि वाजवायला बसलो. मोकळ्या तारा ठीक वाजल्या. बोट वरच्या पडद्यांकडे सरकलं, तसं वाद्य कणसूर होत गेलं. मला वाटलं तारा जुन्या असतील, म्हणून सगळ्या एकदम काढल्या. तर घोडी हातात आली! मेंडोलिनची घोडी बहुधा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. आता ती मूळची कुठे होती, हे कुणाला ठाऊक? माझा पहिला धडा हा: तारा एकेक करून बदला, आणि त्याआधी घोडीच्या जागी पेन्सिलीची खूण करा.

घोडीची जागा शोधायची रीत सोपी आहे. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडलं की एक घंटेसारखा स्वर येतो. मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातला. मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवायची. दोन्ही स्वर एक यायला हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी पडद्यांपासून किंचित लांब न्यायची, उतरलेला असेल तर जवळ आणायची. आधी बारीक ई, मग जाड जी, पुन्हा ई. सरकवताना ताण थोडा सैल करायचा. अर्धा मिलिमीटरदेखील कळतो.

आता गंमत बघा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असायला हवा, हे शाळेतलं गणित. प्रत्यक्षात घोडी त्या हिशोबापेक्षा थोडी मागे ठेवावी लागते. का? पडद्यावर दाबताना आपण तार ताणतो, म्हणून स्वर चढतो. शिवाय तारेला स्वतःचा ताठपणा असतो, आणि तो प्रत्येक तारेचा वेगळा. म्हणून चांगल्या घोडीचा माथा सरळ नसतो, तारागणिक मागेपुढे कोरलेला असतो.

या बाबतीत एक जुना दाखला आहे. गॅलिलिओचे वडील, विन्चेन्झो गॅलिली, ल्यूट वाजवत. त्यांनी १५८१ च्या ग्रंथात पडदे बसवण्यासाठी १८ : १७ हे गुणोत्तर सुचवलं. बारा वेळा ते घेतलं तर सप्तक पूर्ण व्हायला हवं. सप्तकाचे १२०० बारीक भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. या गुणोत्तराने बारा पायऱ्यांत साधारण ११८७ सेंट भरतात, म्हणजे तेरा कमी. गणितात चूक. पण दाबलेली तार चढते, त्यामुळे ही तूट वाजवताना काही अंशी भरून निघते. कागदावरचा चुकीचा आकडा हाताखाली बराचसा बरोबर येतो. हे लक्षात ठेवा.

इथपर्यंत झाली ती सुतारकी. ती नीट केली की मेंडोलिन निर्दोष होईल असं मला वाटत होतं. झालं नाही. का, ते सांगतो.

पडदे विसरून जा. फक्त चार मोकळ्या जोड्या घ्या आणि ट्यूनर बंद करून कानाने लावा. जी म्हणजे आपला सा. डी त्याचा पंचम. ए त्या पंचमाचा पंचम, म्हणजे रे. ई त्याच्याही पुढचा पंचम, म्हणजे ध. शुद्ध पंचमाचं गुणोत्तर ३ : २. ए ला ४४० कंपनं धरली तर ई ६६० वर येते. तिन्ही पंचम तंबोऱ्यासारखे स्थिर, कसलीही थरथर नाही. आता पहिली आणि शेवटची जोडी एकत्र छेडा. सा आणि ध. हा ध सा पासून, सप्तक वजा करून, ९०६ सेंटवर आला. सा शी अगदी मिळून जाणारा ध, ज्याचं गुणोत्तर ५ : ३, तो मात्र ८८४ वर असतो. बावीस सेंट चढा! (श्रोत्यांतून: बावीस श्रुती?) नाही हो, तो बावीस वेगळा, हा निव्वळ योगायोग. बरं, ई खाली उतरवून सा शी जुळवली, तर ए शी तिचं पंचमाचं नातं तुटतं, आणि तो पंचम ऐकवत नाही.

यात लाकडाचा दोष नाही, कारागिराचा नाही, तारांचा नाही. तीनच्या पटीत चढत गेलं तर पाचच्या पटीशी गाठ पडत नाही, एवढंच. चूक काढून टाकता येत नाही. ती कुठे ठेवायची, एवढंच आपल्या हातात आहे.

आता ट्यूनरकडे वळू. हिरवा दिवा ई साठी ६६० वर लागत नाही, ६५९.२६ वर लागतो. कारण त्याने सप्तकाचे बारा समान भाग केलेले आहेत. त्याचा पंचम ७०२ ऐवजी ७०० सेंटचा. फरक किरकोळ आहे, पण ए आणि ई एकत्र छेडून शांतपणे ऐका. दोन सेकंदांत साधारण तीनदा आवाज फुगतो आणि बसतो. गांधाराचं मात्र किरकोळ नाही. तंबोरा नीट लागला की त्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो ३८६ वर. पडद्यावरचा गांधार ४०० वर. चौदा सेंट चढा. तंबोऱ्याच्या साथीला मेंडोलिन घेऊन गांधारावर थांबा, मी काय म्हणतो ते कळेल.

समान भागांची ही वाटणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुठल्याही पट्टीत वाजवा, सगळीकडे चूक सारखीच. ती एक न्यायाची कल्पना आहे, आणि ज्या संगीतात सतत पट्टी बदलते तिथे ती उपयोगीही आहे. गोंगाटात, मंचावर, घाईत मीही फोनच काढतो. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे.

पहिला असा, की ट्यूनर एकेका तारेला एकटं गाठून विचारतो, तू बरोबर आहेस का? सुरात असणं हे दोन स्वरांमधलं नातं आहे. मेंडोलिनच्या जोडीतली एक तार ४४० वर आणि दुसरी ४४१ वर असली, तरी पुष्कळ ट्यूनर दोघींना हिरवा दिवा देऊन मोकळे होतात. कान मात्र दर सेकंदाला एक लाट मोजतो. म्हणून जोडीतली एकच तार यंत्रावर लावा. दुसरी तिच्याशी लावा, लाट थांबेपर्यंत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ट्यूनर एक निर्णय घेतो आणि तो निर्णय आहे हे सांगत नाही. ‘या संगीतासाठी, या सोयीसाठी आम्ही चूक अशी वाटली आहे’ असं न म्हणता तो म्हणतो, ‘बरोबर’. आज गाणं शिकणारी मुलं फोन समोर ठेवून रियाज करताना दिसतात. त्यांचा गांधार तंबोऱ्यात विरघळतो तेव्हा काटा डावीकडे झुकतो, आणि मूल स्वर चढवतं. बरोबर लागलेला स्वर ते दुरुस्त करतं! मला काळजी वाटते ती याची. स्वतःच्या कानावरचा विश्वास एकदा गेला, की तो परत आणायला फार वर्षं लागतात.

यावर आपल्याकडे उलटं टोकही गाठलं गेलं आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. श्रुतींच्या मोजमापासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला. क्लेमंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने त्यांना साथ दिली आणि श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. पुढे १९४० साली रेडिओवर पेटीलाच बंदी आली, ती १९७१ पर्यंत टिकली. देवलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. साध्या पेटीचा गांधार चढा आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण उपाय म्हणून त्यांनी बाराच्या जागी बावीस खिळे ठोकले. स्वराची जागा रागागणिक, वाक्यागणिक, आधी कुठला स्वर येऊन गेला त्यावर हलते. खिळे वाढवून ती हातात येत नाही. श्रुतीची पेटी मागे पडली आणि साधी पेटी, सगळे दोष घेऊन, टिकली. कारण चांगला पेटीवाला कुठल्या स्वरावर थांबायचं नाही हे जाणतो.

तर आता प्लेटो. ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात तो तारांना कान लावून सूक्ष्म अंतरं शोधणाऱ्यांची थट्टा करतो. खुंट्या पिळून तारांचा छळ मांडणारी माणसं! त्याचं म्हणणं, कान सोडा, शुद्ध संख्येकडे जा. ॲरिस्टॉटलचा शिष्य ॲरिस्टोझेनस याने संगीतातला निवाडा कानाकडे परत आणला, आणि कानाला विचाराची जोड दिली. वर्गात मी हा वाद शिकवायचो तेव्हा मनातून प्लेटोच्या बाजूने असायचो. घोडी हातात आली त्या दिवशी बाजू बदलली. (हशा) संख्येने मला एक गोष्ट निर्विवाद दाखवली, की अडचण कुठे आहे. त्या अडचणीत कसं वागायचं हे तिने सांगितलं नाही.

ते ज्यांनी वाजवून दाखवलं, अशा दोघांची नावं घेतो. सज्जाद हुसेन, ‘संगदिल’ आणि ‘रुस्तम सोहराब’चे संगीतकार. १९९५ साली ते गेले. जोडतारांच्या, पक्क्या पडद्यांच्या मेंडोलिनवर ते रागसंगीत वाजवत, त्यात मींड आणत. दोन तारा एकाच बोटाने सारख्या ओढायच्या हे किती अवघड, करून पाहा. दुसरे यू. श्रीनिवास, आंध्रातले. त्यांनी जोड्याच काढून टाकल्या. पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीतातली गमकं वाजवली. दोघांपुढे तेच समान पडदे होते. सज्जादसाहेबांनी वाद्य तसंच ठेवून हात बदलला, श्रीनिवासनी हातासाठी वाद्य बदललं. पडद्याला दोघांनीही स्वराची मुक्कामाची जागा मानलं नाही. तिथून निघायचं, एवढंच.

मी तीसेक वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. शंभरपैकी त्रेपन्न असा आकडा लिहिला की त्यामागचा माझा निर्णय दिसेनासा व्हायचा. मुलगा आकड्याशी भांडू शकत नसे. निर्णय सांगितला असता तर माझ्याशी भांडू शकला असता, आणि एखाद्या वेळी तोच बरोबर निघाला असता. हिरव्या दिव्याकडे पाहिलं की मला त्या उत्तरपत्रिका आठवतात.

तेव्हा विनंती एवढीच. एक तार फोनवर लावा, मग फोन उलटा ठेवा. बाकीच्या तारा पंचमाने लावा आणि लाटा ऐका. शेवटी जे वाजवणार आहात त्याचे दोन-चार स्वर एकत्र छेडून बघा, आणि चूक कुठे ठेवायची ते ठरवा. साथीला पेटी किंवा गिटार असेल तर निमूटपणे समान वाटणीवर या, तिथे हट्ट नको. तंबोरा असेल तर तंबोऱ्याचं ऐका.

वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर मी थांबलो आहे. मेंडोलिनही आणलंय, कानाने लावलेलं. फोन काढून तपासायचं असेल तर जरूर तपासा, ई वर दिवा बहुतेक हिरवा लागणार नाही.