निळ्या कोल्ह्याची कुई

लोककथांतील प्राणी म्हणजे कातडे पांघरलेली माणसेच, असे आपल्याकडे सहसा मानले जाते. कोल्हा म्हणजे धूर्तपणा, वाघ म्हणजे सत्ता; प्राणी बदलला तरी कथेचे काही बिघडत नाही, असा त्याचा अर्थ होतो. मला हे मत अपुरे वाटते. त्यासाठी ‘पंचतंत्रा’तील निळ्या कोल्ह्याची गोष्ट पुन्हा वाचावी.

गावात शिरलेला भुकेला कोल्हा कुत्री मागे लागल्याने निळीच्या रांजणात पडतो, निळा होऊन रानात परततो आणि राजा बनतो. पुढे कोल्हेकुई कानी पडताच त्याला राहवत नाही. तोही गळा काढतो आणि उघडा पडतो. कथेचे हे दोन्ही सांधे प्राण्याच्या स्वभावावर बेतलेले आहेत. खरकट्याच्या आशेने रात्री वस्तीपर्यंत येणे ही कोल्ह्याची रीत, आणि एकाने कुई सुरू केली की बाकीच्यांनी साथ देणे हीही. त्याच माळावर राहणारे लहानखुरे खोकड असे सामूहिक ओरडत नाही. कोल्ह्याच्या जागी खोकड ठेवले, तर राजाचे सोंग उतरणार कसे?

करटक-दमनकांचेही तेच. सिंहाच्या उरलेल्या शिकारीवर जगणारे हे पदच्युत मंत्रिपुत्र राजनीती बोलतात खरे, पण मोठ्या श्वापदाच्या मागे राहून उष्टे मिळवणारा कोल्हा आधी कोणीतरी रानात पाहिलेला आहे. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण तर शेतकऱ्याचीच. मांस खाणारा हा प्राणी फळांवरही ताव मारतो, हे मळा राखणाऱ्याला सांगावे लागत नाही.

म्हणूनच इसापच्या ग्रीक कथांतला ‘फॉक्स’ मराठीत कोल्हा झाला, तेव्हा आंबट द्राक्षांची गोष्ट इथल्या मातीत सहज रुजली. तो प्राणी वेगळा होता, पण आपला कोल्हाही फळे खातो. चित्रांचे मात्र तसे झाले नाही. मुलांच्या पुस्तकांत आज कोल्हा म्हणून तांबूस अंगाचा, शेपटीला पांढरे टोक असलेला युरोपी प्राणी दिसतो. आपल्या कोल्ह्याच्या शेपटीचे टोक काळपट असते.

शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीला मी निळ्या कोल्ह्याची गोष्ट सांगितली. तिने विचारले, “पण तो ओरडला कशाला? गप्प बसायचं ना!” तिने कोल्हेकुई कधी ऐकलेलीच नाही. आमच्या लहानपणी दिवेलागणीनंतर माळावरून ती येई आणि हा प्रश्न कोणाला पडत नसे. आता तिथे प्लॉट पडले आहेत आणि कोल्हेकुई हा शब्द वर्तमानपत्रात विरोधकांना हिणवण्यापुरता उरला आहे.

आपल्या संकलनांत कथा कोणी, कुठे सांगितली याची नोंद असते. सांगणाऱ्याने तो प्राणी पाहिला होता का, ऐकला होता का, हे मात्र क्वचितच विचारलेले दिसते. गेली काही वर्षे मी ते विचारतो आणि वहीत कथेशेजारी लिहून ठेवतो. ज्यांनी ऐकले आहे ती माणसे आहेत तोवरच हे विचारता येईल.