पट्ट्याची आतली बाजू

बिबट्याचा वावर असलेल्या मुलखात राखणीच्या कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालतात. त्र्यंबकेश्वरजवळ, ब्रह्मगिरीच्या उतारावरच्या एका पाड्यावर असा एक पट्टा मला निवांत हाताळायला मिळाला. कुत्र्याच्या गळ्यात काय घालावं आणि काय घालू नये, याबद्दल मला जे वाटतं त्यातलं बरंचसं त्या चार बोटं रुंदीच्या कातड्यात होतं.

लांबून नजरेत भरतात ते खिळे. बोटाच्या पेरापेक्षा थोडे आखूड, दोन ओळींत, एक आड एक बसवलेले. पण पट्टा उलटा करून पाहावा. खिळे आतून बाहेर ठोकलेले असल्यामुळे त्यांची चपटी डोकी गळ्याच्या बाजूला येतात. त्या सगळ्या डोक्यांवरून कारागिराने मऊ, पातळ कातड्याचं अस्तर चढवलं आहे. कडेचा टाका इतका दाबून घातला आहे की बोट फिरवलं तरी दोरा लागत नाही, आणि गाठी सगळ्या बाहेरच्या अंगाला काढल्या आहेत. बकलाच्या जिभेखाली कातड्याचा एक जादा तुकडा आहे, मानेचे केस बकलात अडकू नयेत म्हणून. जनावर समोर बसवून, त्याच्या मानेवरून हात फिरवून केलेलं काम आहे हे. आरी आणि रापी चालवणाऱ्या माणसाने बाहेरची बाजू बिबट्यासाठी केली आणि आतली कुत्र्यासाठी, आणि आतल्या बाजूवर मेहनत जास्त घेतली.

बिबट्या पकड घेतो ती मानेवर किंवा नरड्यावर. जबड्याला खिळे टोचले की पकड सुटायची शक्यता असते, आणि तेवढ्या क्षणात कुत्रा निसटू शकतो. खात्री कुणीच देत नाही, कारण बिबट्या पाठीवरही येऊ शकतो. तरीही ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या वारो या रोमन लेखकाने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात मेंढपाळांच्या कुत्र्यांचा असाच पट्टा वर्णिला आहे. त्यात जाड कातडं आहे, डोक्यांचे खिळे आहेत, आणि लोखंड मानेला लागू नये म्हणून डोक्यांखाली शिवलेलं मऊ कातडंही आहे. एकदा जखमी झालेला लांडगा पट्टा नसलेल्या कुत्र्यांच्याही वाटेला जात नाही, असंही तो नोंदवतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा इटलीतला धनगर आणि आपल्याकडचा चर्मकार यांचा एकमेकांशी संबंध असण्याचं कारण नाही. तरी अस्तर दोघांनाही सुचलं, याचा मला मनापासून आनंद होतो.

ब्रह्मगिरीला हे भय नवं नाही. प्रदक्षिणेला निघालेल्या कुटुंबासमोर वाघ आला, पांगापांग झाली आणि निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, ती कथा याच डोंगराची. आता वाघ नाही, बिबट्या आहे, आणि त्याचं मोठं भक्ष्य म्हणजे कुत्रा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. २०२५ च्या नोव्हेंबरात तर शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं स्वतःच्याच गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतावर जाऊ लागली.

त्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे जे त्यात नाही ते. दोरी अडकवायची कडीच त्याला नाही. खिळ्यांच्या पट्ट्याला दोरी बांधून कुत्रा ओढला तर खिळे मालकाच्याच पोटरीत जातील, हे एक झालं. पण खरं कारण असं की हा पट्टा मोकळ्या कुत्र्यासाठी आहे. झडप आली तर उडी मारायला, वळायला, पळायला त्याला जागा हवी. कारागिराने कडी न लावून ते सांगून ठेवलं आहे.

आता शहरातल्या दुकानात जाऊ. तिथे प्राँग कॉलर नावाची वस्तू मिळते. साखळीच्या दुव्यांना वाकवलेली टोकं असतात, आणि ती सगळी आत, मानेकडे वळलेली असतात. कुत्र्याने ओढलं की टोकं कातडीत रुततात आणि दुखतं म्हणून तो थांबतो. धातू तोच, टोकंही तीच, फक्त दिशा फिरवली. पाड्यावरच्या माणसाने आपल्या कुत्र्याच्या मानेत काही रुतू नये म्हणून अस्तर शिवलं, आणि इथे रुतणं हेच मालाचं वैशिष्ट्य म्हणून विकलं जातं. मला हा माल कारागिरी म्हणून वाईट वाटतो आणि माणुसकी म्हणून त्याहून वाईट. ऑस्ट्रियात त्यावर बंदी आहे. जर्मनीत २०२२ पासून शिकवताना तो वापरता येत नाही. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्सने २०१० मध्येच बंदी घातली.

चोक चेनचंही तसंच. ती विकणारा सांगतो, झटका द्या आणि लगेच ढील द्या. कडीतून ओवलेली साखळी एका विशिष्ट बाजूने घातली तरच ढील दिल्यावर सुटते. उलट बाजूने घातली की आवळलेली राहते, आणि सकाळच्या घाईत निम्म्या वेळा ती उलटीच पडते. मानेत काय काय आहे ते आठवावं. श्वासनलिका, तिच्या कूर्चेच्या उघड्या कड्या, थायरॉइड ग्रंथी, मेंदूकडून परतणाऱ्या रक्तवाहिन्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पट्ट्यावर जोर पडला की कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो, छातीभोवती बांधायच्या हार्नेसवर जोर पडला तर वाढत नाही, असं दिसलं. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम मानेवर वेगवेगळे पट्टे ओढून दाब मोजला. रुंद, गादीचे, साधे, सगळे तपासले. इजेचा धोका अजिबात नाही असं त्यांना एकाही पट्ट्याबद्दल म्हणता आलं नाही. म्हणून साधा चपटा पट्टा नाव-पत्त्याच्या बिल्ल्यासाठी चांगला. ज्याला ओढायची सवय आहे त्याची दोरी मात्र मानेला बांधू नये. मराठी घरांत इतकी वर्षं लाडात वाढलेल्या पॉमेरियनच्या बाबतीत तर नाहीच. लहान जातींत श्वासनलिका दबण्याचा विकार आढळतो, आणि त्यांचा तो घोगरा, हंसाच्या आवाजासारखा खोकला गळ्याला हिसका बसला की वाढतो.

मानेला धरून चालवायचा पण मानेवर फार न आवळणारा एक पट्टा मला आवडतो, मार्टिंगेल. तो कळायला आपला कारवान डोळ्यांसमोर आणावा. लातूर-सोलापूरकडचा हा शिकारी कुत्रा, लांब मान, आणि डोकं मानेपेक्षा निमुळतं. चपटा पट्टा सैल ठेवला तर मागे सरकून तो अलगद डोकं काढून घेतो. घट्ट केला तर दिवसभर काचतो. मार्टिंगेलमध्ये दोन फास असतात. मोठा मानेभोवती सैल बसतो, लहान फासाला दोरी लागते. कुत्रा मागे सरकला की लहान फास मोठ्याची दोन टोकं जवळ आणतो, पण ती एका ठरलेल्या मापाशी येऊन थांबतात. ते माप त्या कुत्र्याच्या मानेइतकं बसवलं की पट्टा डोक्यावरून निघत नाही आणि गळाही आवळत नाही. सगळं कौशल्य त्या थांबण्यात आहे. चोक चेनला असा शेवट नाही. कारवानसाठी हा पट्टा रुंद घ्यावा, तीन-चार बोटांचा, आतून मऊ, कारण त्याच्या मानेवर केस कमी आणि कातडी पातळ असते.

बाकीच्या बहुतेक कुत्र्यांना मी हार्नेस सुचवीन, पण कडी कुठे आहे ते पाहून. पाठीवर कडी असली की ओढायचा जोर पूर्ण छातीवर आणि खांद्यावर येतो. बैलाच्या खांद्यावर जू ठेवतात ते याचसाठी. ओढणाऱ्या कुत्र्याला असा हार्नेस म्हणजे ओढायची सोयच. छातीसमोर कडी असली तर तो पुढे झेपावला की दोरी त्याचं पुढचं अंग बाजूला वळवते, आणि तो आपोआप माणसाकडे तोंड करतो. त्या क्षणी शाबासकी आणि खाऊचा तुकडा दिला की शिकवणं सुरू झालं. छातीवरून आडवा पट्टा जाणारे हार्नेस टाळावेत, ते खांद्याच्या पुढे येण्याच्या आड येतात. इंग्रजी वाय अक्षरासारखी बांधणी बरी, पट्टे छातीच्या हाडावर एकत्र यावेत आणि कोपराच्या मागे दोन बोटं जागा राहावी. तरीही अशा हार्नेसमध्येही खांदा पूर्ण मोकळा राहत नाही, असं मोजून दिसलं आहे. घरी आल्यावर तो काढावा.

आता दोरी. त्र्यंबकेश्वरात गंगाद्वाराच्या पायऱ्यांवर माकडं असतात, कुशावर्त तीर्थाभोवतीच्या गल्ल्यांत गायी, रिक्षा, पूजासाहित्याची दुकानं आणि देशभरातून आलेले लोक. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात तेव्हा तर कुत्र्याला बाहेर काढूच नये. एरवी अशा जागी दोन मीटरची, सलग, हातात बसणारी दोरी पुरे. बटणावर आत-बाहेर होणारी दोरी नको. तिची तार बारीक असते आणि हाताला, पायाला कापते. शिवाय ती कायम ताणलेली असते, त्यामुळे ओढलं की आणखी दोरी मिळते असा धडा कुत्रा रोज गिरवतो. दोरी ताणली की माणसाने थांबायचं, सैल झाली की चालायचं, एवढ्या एका नियमाला घरातली सगळी माणसं चिकटून राहिली तर महिन्याभरात फरक दिसतो. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ओढत न्यायचं, यात कुत्र्याचं शिक्षण कधीच होत नाही. दत्ताच्या चित्रातली चार कुत्री पाहा. एकाच्याही गळ्यातून दोरी त्याच्या हातात गेलेली नाही.

तोंडाच्या सरंजामाबद्दल थोडं. नाकावरून जाणारी, बैलाच्या म्होरकीसारखी एक पट्टी मिळते. दांडगा कुत्रा हलक्या हाताने वळवायला ती उपयोगी पडते, पण झटका दिला तर मान मुरगळते. आधी आठवडाभर खाऊ दाखवत ती नाकावर चढवायची सवय करावी. मुसकं घ्यायचंच तर जाळीच्या टोपलीचं घ्यावं. कुत्र्याला घामाने अंग थंड करता येत नाही, त्याचं थंड होणं मुख्यतः जीभ बाहेर काढून धापण्यात आहे. कापडी मुसकं जबडा मिटवून ठेवतं, आणि नाशिकच्या एप्रिलात ते जिवावर बेतू शकतं. टोपलीत त्याला धापता यावं, पाणी पिता यावं.

त्र्यंबकचा पाऊस कातड्याला सोसत नाही. चार महिने पट्ट्याला बुरशी येते, टाके फुगतात. नायलॉन वाळायला वेळ घेतं आणि ओलं राहिलं की मानेखालचे केस झडतात. दोन पट्टे आळीपाळीने वापरावेत. कातड्याला पावसाळ्याआधी एरंडेल चोळावं, आणि बक्कल पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचं पाहून घ्यावं. खरेदी करताना बकलापेक्षा कडी शिवलेला टाका आधी बघावा. तुटतं ते तिथे.

आणि साखळी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कलम ११ मध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो. अवास्तव आखूड किंवा जड साखळीने जनावर अवास्तव वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही मालकाचा गुन्हा आहे. बिबट्याच्या गावात याला आणखी एक बाजू आहे. खिळ्यांचा पट्टा घालून त्याच कुत्र्याला रात्री अंगणातल्या खुंट्याला आखूड बांधलं तर पट्ट्याचा उपयोग संपला, कारण त्याला वळायला जागाच उरली नाही. अंधार पडला की कुत्रा पडवीत, बंद दाराच्या आत घ्यावा. दिवसा बांधायची वेळ आली तर साखळी हलकी, त्याच्या लांबीच्या निदान पाचपट, मधे भोवरकडी असलेली, आणि सावली व पाणी दोन्हीपर्यंत पोचणारी असावी.