कंपवातावरील मेंदूशस्त्रक्रिया आणि निरक्षर रुग्णाची बुद्धिमापने : एक चिकित्सा

कंपवात अर्थात पार्किन्सन्सच्या आजारात ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ या शस्त्रक्रियेने कंप व ताठरता कमी होते, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबिद व पोलाक यांनी १९८७ पासून ही पद्धत विकसित केली. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रुजविली. वाद आहे तो बोधात्मक परिणामांविषयी. त्याहूनही दुर्लक्षित राहिलेला प्रश्न, हे परिणाम कोणत्या मापाने मोजले गेले हा होय.

पार्सन्स व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २८ अभ्यासांतील ६१२ रुग्णांच्या निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण केले. स्मरण, नियोजन इत्यादींत घट अल्प आढळली. ठळक घट आढळली ती शब्दप्रवाहात. वर्गावर आधारित शब्दप्रवाहात परिणामाचे प्रमाण ०.७३, तर अक्षरावर आधारित शब्दप्रवाहात ०.५१ होते. विट यांच्या २००८ च्या १२३ रुग्णांवरील यादृच्छिक चाचणीतही एकंदर बोधक्षमता टिकली, पण शब्दप्रवाह मंदावला. ओकन यांच्या २०१२ च्या अभ्यासात तर यंत्र बसवूनही काही काळ सुरू न केलेल्या गटात ही घट दिसली. म्हणजे विद्युत्प्रवाहाप्रमाणेच तार घालण्याच्या क्रियेचाही त्यात वाटा असावा.

अक्षरचाचणीत एका मिनिटात ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगावयाचे असतात. वरवर साधी वाटणारी ही मागणी शाळेने घडविलेली आहे. मोराइस व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांचा अभ्यास केला. शब्दाच्या आरंभीचा ध्वनी वगळणे वा जोडणे त्यांना जमले नाही. त्याच समाजातील, प्रौढपणी वाचायला शिकलेल्यांना ते जमले. उणीव बुद्धीची नव्हती. मराठीत आणखी अडचण येते. ‘क’ दिल्यावर ‘किल्ली’, ‘कोयता’, ‘क्रम’ हे शब्द धरावयाचे की नाही, हे ठरविण्यासाठीही लिपी ठाऊक असावी लागते.

या मुद्द्याची कसोटी खान्देशातच उपलब्ध आहे. जळगावजवळील असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम व शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी इतरांनी टिपून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती प्रसिद्ध झाली. त्यांना कंपवात होता असे येथे सुचवायचे नाही. परंतु मनासारख्या अमूर्त विषयाला शेतीच्या प्रतिमांत पकडणारी ही स्त्री अक्षरचाचणीत बहुधा नापास ठरली असती. (ज्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे, त्याच्या प्रवेशासाठी अक्षरओळख लागतेच, हा योगायोग वेगळा.)

प्रश्न केवळ गुणांचा नाही. स्मृतिभ्रंश असल्यास ही शस्त्रक्रिया सहसा केली जात नाही, म्हणून बोधक्षमतेची तपासणी आधी होते. साक्षरतेचा अभाव बुद्धीचा ऱ्हास म्हणून वाचला गेला, तर योग्य रुग्ण उपचाराला मुकतो. उलट, आधीच तीन शब्द सांगणाऱ्याने नंतर दोन सांगितले, तर झालेली हानी आकड्यात दिसतच नाही. घरात मात्र सून म्हणते, मामंजी आता बोलता बोलता थांबतात. लेवा गणबोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. असा उच्चार चूक मानणारा परीक्षक या गोंधळात भरच घालतो.

वर्गाधारित चाचणी येथे अधिक न्याय्य ठरते, आणि विशेष म्हणजे ठळक घट तिच्यातच आढळली आहे. मात्र वर्ग ओळखीचे हवेत. प्राणी, भाज्या यांच्याबरोबर शेतीची अवजारे विचारली, तर वखर, पाभर, तिफण, कोळपे, जू असा ओघ असोद्याच्या शेतकऱ्याकडून सहज मिळेल. शहरातील प्राध्यापक तेथे अडखळतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा बोधक्षमता-चाचणीसंच २०२० मध्ये प्रमाणित झाला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत. त्या यादीत मराठी नव्हती. मराठी संच घडविताना पुणे-मुंबईच्या प्रमाण बोलीवर न थांबता अहिराणी व लेवा गणबोली बोलणाऱ्या, शाळेत न गेलेल्या वृद्धांकडून वयानुसार सरासरी गुण गोळा करावे लागतील. हे काम शस्त्रक्रियागृहातले नसून भाषा व मानसशास्त्र विभागांचे आहे.